काढा, गोळी आणि यकृत

अपस्माराच्या रुग्णाला फेनिटॉइनची मात्रा एकदा नीट बसली की फिट सहसा आटोक्यात राहतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांच्या १९९२ सालच्या एका निबंधात मात्र दोन रुग्णांची वेगळी हकिगत आहे. त्यांच्या आटोक्यात असलेल्या फिट अनपेक्षितपणे पुन्हा सुरू झाल्या. रक्त तपासले तेव्हा फेनिटॉइनची पातळी घसरलेली आढळली. संशय गेला तो शंखपुष्पीच्या सिरपवर. शंखपुष्पी, मंडूकपर्णी, जटामांसी अशा सहा वनस्पतींपासून केलेले हे सिरप स्मरणशक्तीसाठी आणि डोके शांत राहावे म्हणून आपल्याकडे कितीतरी घरांत दिले जाते, आणि अपस्माराच्या रुग्णालाही ते 'मेंदूचे टॉनिक' म्हणून दिले जाते.

संशोधकांनी संशयावर काम थांबवले नाही. त्यांनी दोन्ही औषधे उंदरांना एकत्र देऊन पाहिली. एकाच मात्रेने फेनिटॉइनची रक्तातली पातळी बदलली नाही, पण त्याचा फिट रोखण्याचा गुण मात्र घटला. पुढे अनेक मात्रा दिल्यावर पातळीही खाली आली. ज्या आजारासाठी सिरप दिले जात होते, त्याच आजारावरची गोळी ते निष्प्रभ करत होते.

हा निबंध जेवढा वाचला जायला हवा होता तेवढा वाचला गेला नाही. एका पेशंटच्या पोटात दोन वैद्यकपद्धती एकत्र येतात तेव्हा काय होते, हा प्रश्न त्यात उघडपणे मांडला होता, आणि महाराष्ट्रात तो रोजचा प्रश्न आहे. सकाळी बीपीची गोळी, दुपारी मधुमेहाची गोळी, रात्री त्रिफळा आणि मध्ये कुणी शेजाऱ्याने सुचवलेली कॅप्सूल, हा क्रम असंख्य ज्येष्ठांच्या घरात दिसतो. डॉक्टर विचारतात, "दुसरी काही औषधे चालू आहेत का?" पेशंट मनापासून "नाही" म्हणतो. काढा, चूर्ण, आसव यांना तो औषध समजतच नाही. यकृत मात्र असा भेद करत नाही.

गिळलेल्या गोळीचे काय होते, ते आधी पाहावे लागेल. बहुतेक औषधे तेलकट वळणाची असतात. ती पेशींच्या आवरणातून सहज आत शिरतात, पण पाण्यात नीट विरघळत नसल्याने मूत्रपिंडाला ती बाहेर टाकणे जमत नाही. यकृत त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करते. या कामाचा पहिला मोठा वाटा सायटोक्रोम पी४५० या एन्झाइमांच्या कुटुंबाकडे असतो. १९५८ मध्ये मार्टिन क्लिंगेनबर्ग आणि डेव्हिड गारफिंकेल यांना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, यकृतातील या रंगद्रव्याचा सुगावा लागला. पुढे जपानच्या त्सुनेओ ओमुरा आणि र्‍यो सातो यांनी ते हीम असलेले प्रथिन असल्याचे दाखवले आणि त्याचे नाव रूढ केले. कार्बन मोनॉक्साइडशी जोडले गेल्यावर ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते, म्हणून ४५०. माणसात या कुटुंबाची ५७ कार्यरत जनुके आहेत, पण औषधांच्या बाबतीत त्यांतली पाच-सहाच बहुतेक भार उचलतात. सर्वांत मोठा वाटा सीवायपी३ए४ या एन्झाइमाचा. वापरातल्या औषधांपैकी जवळपास निम्म्यांना ते हात लावते. शिवाय ते यकृताबरोबरच आतड्याच्या अस्तरातही असते, त्यामुळे गोळीतला काही भाग रक्तात पोचण्याआधीच खर्ची पडतो.

डॉक्टरने लिहिलेल्या मात्रेत हा खर्च धरलेला असतो. जुन्या जकात नाक्यावर माल अडवला जाई तसे समजा. व्यापारी जकात धरूनच माल पाठवतो. नाका एकाएकी बंद पडला तर गावात अपेक्षेपेक्षा जास्त माल येतो, आणि नाक्यावर माणसे वाढवून वसुली दुप्पट केली तर बाजार रिकामा पडतो. वनस्पतींतली रसायने यांपैकी कोणतीही गोष्ट करू शकतात.

यात नवल मानण्याचे कारण नाही. काही शास्त्रज्ञांच्या मते ही एन्झाइमे मुळात वनस्पतींमुळेच एवढी बहुविध झाली. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते स्वतःला कडू आणि विषारी करून घेते. ते खाणाऱ्या प्राण्याला ती रसायने निकामी करण्याची व्यवस्था करावी लागते. ही ओढाताण कोट्यवधी वर्षे चालली. कारखान्यातून येणारी गोळी या व्यवस्थेसाठी अगदी कालची पाहुणी आहे. म्हणून 'नैसर्गिक आहे, त्यामुळे यकृतावर परिणाम नाही' हे म्हणणे उलटे आहे. यकृताची ही यंत्रणा नैसर्गिक रसायनांना तोंड देण्यासाठीच उभी राहिलेली आहे.

नाका बंद पाडणाऱ्यांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका फळाचे आहे. कॅनडातील लंडन, ओंटारियो इथे डेव्हिड बेली हे औषधशास्त्रज्ञ फेलोडिपीन या रक्तदाबाच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. बेली हे धावपटूही होते. १९६६ मध्ये चार मिनिटांच्या आत एक मैल धावणारे ते पहिले कॅनेडियन ठरले होते. प्रयोगात सहभागी झालेल्यांना आपण दारू पीत आहोत की नाही हे कळू नये, म्हणून चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला. निकाल आले तेव्हा दारू घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही गटांत फेलोडिपीनची पातळी आधीच्या अभ्यासांपेक्षा कितीतरी जास्त होती. बेली यांनी ते औषध स्वतःवर करून पाहिले. पाण्याऐवजी रसाबरोबर घेतल्यावर रक्तातली पातळी पाच पटींवर गेली. १९८९ साली ही नोंद छापून आली आणि १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सहा पुरुषांवरचा अभ्यास आला. त्यात सरासरी वाढ जवळपास तिप्पट होती.

दोष फ्युरॅनोकुमरिन या गटातील रसायनांचा होता. ती आतड्याच्या अस्तरातल्या सीवायपी३ए४ ला असे चिकटतात की ते एन्झाइम कायमचे निकामी होते. पेशींना ते नव्याने घडवावे लागते. त्यामुळे सकाळी रस आणि रात्री गोळी अशी वेळ बदलून काही साधत नाही. परिणाम एक दिवस हमखास, कधी तीन दिवसांपर्यंत टिकतो. बेली आणि सहकाऱ्यांनी पुढे ग्रेपफ्रूटशी आंतरक्रिया होणाऱ्या ८५ हून अधिक औषधांची यादी दिली.

ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसे खाल्ले जात नाही. पण ते ज्या दोन फळांच्या संकरातून आले त्यांतले एक पपनस आहे, आणि भाद्रपदात कोकण-गोव्यात पपनस घरोघरी येते. पपनसातही फ्युरॅनोकुमरिन असतात. पपनसाच्या रसाने सायक्लोस्पोरिन या प्रत्यारोपणाच्या औषधाची पातळी वाढल्याचे माणसांवरच्या अभ्यासात दिसले आहे. मूत्रपिंड बदललेल्या माणसाने गणपतीच्या प्रसादातले पपनस बाजूला ठेवावे, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे. नागपुरी संत्र्याला आणि मोसंबीला मात्र ही भीती नाही. भारतात बीपीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपीनवरही ग्रेपफ्रूटचा परिणाम किरकोळ असतो. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांत सिमव्हास्टॅटिनवर तो मोठा, रोसुव्हास्टॅटिनवर जवळजवळ नाही. एकाच आजारावरच्या दोन गोळ्यांत इतका फरक असतो. म्हणून कोणत्या वनस्पतीबरोबर नेमके कोणते औषध, हे नावानिशी विचारावे लागते.

आता उलट प्रकार. युरोपात सेंट जॉन्स वॉर्ट नावाचे पिवळ्या फुलांचे झुडूप आहे. सौम्य नैराश्यावर जर्मनीत ते वर्षानुवर्षे दिले गेले आणि त्या कामी त्याचा उपयोगही होतो. २००० सालच्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट'च्या एकाच अंकात त्याच्याविषयी दोन वृत्तांत आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आठ निरोगी स्वयंसेवकांना एचआयव्हीचे इंडिनॅव्हिर हे औषध आधी नुसते आणि मग दोन आठवडे या वनस्पतीबरोबर दिले होते. रक्तातले औषध सरासरी ५७ टक्क्यांनी घटले. एचआयव्हीच्या रुग्णात एवढी घट म्हणजे विषाणूला औषधाविरुद्ध तयार होण्याची संधीच. दुसरा वृत्तांत झुरिकचा होता. हृदय-प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांच्या शरीराने नवे हृदय नाकारायला सुरुवात केली होती. दोघेही सायक्लोस्पोरिन नियमित घेत होते, पण ते रक्तात पुरेसे उरतच नव्हते. दोघांनी सेंट जॉन्स वॉर्ट सुरू केले होते. ते थांबवल्यावर पातळी पूर्ववत झाली.

त्याच वर्षी कारणही उलगडले. यकृताच्या पेशीत पीएक्सआर नावाचा ग्राहक असतो. बाहेरचे रसायन आले की तो त्याला पकडतो आणि पेशीच्या केंद्रकात जाऊन सीवायपी३ए४ चे जनुक जागे करतो. सेंट जॉन्स वॉर्टमधले हायपरफोरिन या ग्राहकाला अत्यल्प प्रमाणातही घट्ट बसते. मग एन्झाइम जास्त तयार होते आणि त्याच मार्गाने जाणारी सगळी औषधे लवकर संपतात. यात गर्भनिरोधक गोळ्या येतात, प्रत्यारोपणाची औषधे येतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही येतात. एन्झाइम अडवले जाते ते तासाभरात. एन्झाइम वाढायला मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात आणि वनस्पती बंद केल्यावर ते उतरायलाही तेवढाच वेळ लागतो. याच दिरंगाईमुळे या प्रकारचा संबंध पेशंटच्या लक्षात येत नाही. भारतीय डॉक्टरांना ही क्रिया क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनमुळे चांगली परिचित आहे. ते औषधही पीएक्सआरलाच जागवते. अमेरिकेत सेंट जॉन्स वॉर्ट किराणा दुकानात डाळ-तांदळाशेजारी सहज मिळते. तिथे मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-बाबांनी झोप लागत नाही म्हणून ती बाटली उचलू नये.

आपल्या घरातला खरा विषय मात्र मिरे आणि पिंपळी हा आहे.

आयुर्वेदात सुंठ, मिरे, पिंपळी यांच्या त्रिकटूला मोठे स्थान आहे. अडुळशाबरोबर पिंपळी दिली की दम्यात अधिक गुण येतो, असे निरीक्षण १९२९ साली बोस नावाच्या अभ्यासकाने नोंदवले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल, उषा झुत्शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा उचलला. इतक्या वेगवेगळ्या आजारांच्या योगांत त्रिकटू कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर पायपरिनमध्ये सापडले. मिऱ्याला आणि पिंपळीला तिखटपणा देणारे हे द्रव्य इतर औषधे रक्तात जास्त पोचवते. ते सीवायपी३ए४ ला अडवते, औषधाला पेशीतून परत आतड्यात ढकलणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीनला अडवते आणि यकृतातल्या आणखी एका विल्हेवाटीच्या मार्गावरही बंधन आणते. भारतीय विज्ञानाचे हे अस्सल, अभिमानाने सांगावे असे काम आहे. त्यातून क्षयरोगावरची एक गोळी निघाली. तिच्यात रिफाम्पिसिन २०० मिलिग्रॅम, आयसोनियाझिड ३०० मिलिग्रॅम आणि पायपरिन १० मिलिग्रॅम आहे. एरवी रिफाम्पिसिन ४५० मिलिग्रॅम लागते. २००९ मध्ये ती बाजारात आली. चीनमध्येही याच विचाराने शिसांड्रा या वनस्पतीचा अर्क प्रत्यारोपणाच्या टॅक्रोलिमसबरोबर मुद्दाम देतात, म्हणजे ते महागडे औषध कमी लागते.

मोजून-मापून केले तर हे वरदान आहे. न मोजता केले तर हेच अपघाताचे कारण होते. सुरुवातीला आलेले फेनिटॉइन इथे पुन्हा भेटते. २००१ साली दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना एकदा मिरे घातलेले आणि एकदा बिनमिऱ्याचे सूप देऊन त्यानंतर फेनिटॉइन दिले. मिऱ्याच्या सूपानंतर औषध रक्तात अधिक चढले. शंखपुष्पीच्या सिरपने ज्या औषधाची पातळी खाली आणली, तीच पातळी मिऱ्याने वर नेली. फेनिटॉइनची पातळी कमी पडली तर फिट येते, जास्त झाली तर तोल जातो, डोळे थरथरतात, बोलणे अडखळते.

मग मिरे खायचेच नाहीत का? तसे मुळीच नाही. रोजच्या मसाल्यात जे मिरे जातात ते धरूनच त्या माणसाची मात्रा ठरलेली असते. गोळी त्या जेवणासकट लागू पडलेली असते. घोटाळा होतो तो अचानक बदलाने. २०२० च्या उन्हाळ्यात तसा बदल देशभर झाला. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरे यांचा काढा सुचवला, आणि अनेक घरांत तो सुचवलेल्या प्रमाणाच्या कित्येक पट दाट करून दिवसातून अनेकदा घेतला गेला. त्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. मंत्रालयाने ती अमान्य केली आणि वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी असे म्हटले. पुढे अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात आणखी रुग्ण आढळले. हा विषय वेगळा आहे. तिथे यकृताच्या पेशीच जखमी होतात, इथे निरोगी यकृताचे काम बदलते. लोक या दोन्ही गोष्टी एकच समजतात, म्हणून हा उल्लेख.

हळदीच्या कॅप्सूलचेही असेच. स्वयंपाकातली हळद रक्तात जवळजवळ पोचतच नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात २ ग्रॅम कुर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिले, तेव्हा रक्तात पोचणाऱ्या कुर्क्युमिनचे प्रमाण २००० टक्क्यांनी वाढले. तेव्हापासून हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालण्याची पद्धत पडली. पण पायपरिन फक्त हळदीपुरते दार उघडत नाही. शिवाय काही औषधे गिळताना निष्क्रिय असतात, यकृतातली एन्झाइमेच त्यांना कामाचे रूप देतात. स्टेंटनंतरचे क्लोपिडोग्रेल असे आहे, खोकल्या-वेदनेवरचे कोडीन असे आहे आणि स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेनही बऱ्याच अंशी असेच आहे. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना कुर्क्युमिन आणि पायपरिन एकत्र दिले, तेव्हा त्याच्या सक्रिय रूपाची रक्तातली मात्रा सुमारे १२ टक्क्यांनी घटली. आकडा मोठा नाही. पण ज्या बाईच्या शरीरात ते सक्रिय रूप आधीच काठावर तयार होत असेल, तिला ही घट परवडणारी नाही. आणि कर्करोगाच्या उपचारात हळदीची कॅप्सूल सुचवणारे नातेवाईक आपल्याकडे घरोघरी आहेत.

लसूण आणि दारुहळद यांची नोंद थोडक्यात. लसणाच्या गोळ्यांनी सॅक्विनॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची पातळी निम्म्यावर आली होती. ही गोष्ट फोडणीतल्या चार पाकळ्यांना लागू करायची नाही. दारुहळदीतले बर्बेरिन साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी हल्ली जोरात विकले जाते. दोन आठवडे घेतल्यावर ते तीन महत्त्वाच्या एन्झाइमांचे काम मंदावते, असे निरोगी माणसांवरच्या चाचणीत दिसले आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. परीक्षानळीत एन्झाइम अडवणाऱ्या वनस्पतींची यादी प्रचंड आहे, पण माणसात त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी ठरतात, कारण ते द्रव्य यकृतापर्यंत तेवढ्या प्रमाणात पोचतच नाही. युरोपी वैद्यकातील मिल्क थिसल हे ठळक उदाहरण. नळीतल्या निष्कर्षांवरून लोकांना घाबरवणाऱ्या बातम्या म्हणूनच जपून वाचाव्यात. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचे तर यकृतात रूपांतरच होत नाही, ते मूत्रावाटे जसेच्या तसे बाहेर पडते. कारल्याच्या रसाबरोबर ते घेऊन साखर फार खाली गेली, तर कारण एन्झाइम नसून दोन्हींनी साखर उतरवली हे असते.

माणसागणिक फरक पडतो तो निराळाच. क्लोपिडोग्रेलला कामाचे रूप देणारे सीवायपी२सी१९ काही लोकांत जन्मतःच मंद असते. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३२ निरोगी व्यक्तींची आयुर्वेदानुसार प्रकृती ठरवून त्यांच्या या जनुकाची तपासणी केली होती. वेगवान रूप पित्तप्रकृतीत अधिक, मंद रूप कफप्रकृतीत अधिक, असा कल २०११ च्या निबंधात आला. अभ्यास लहान आहे आणि त्यावर उपचार ठरवता येणार नाहीत. तरी दोन शास्त्रांना एकाच टेबलावर बसवण्याची ही रीत योग्य आहे आणि ती पुढे न्यायला हवी.

वाचकाने काय करावे? काही औषधांत पुरेशी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिन आणि असिनोकुमारॉल या गोळ्या, फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ही त्यांतली मुख्य नावे. यांपैकी काही चालू असेल किंवा कर्करोग, क्षय, एचआयव्ही यांचे उपचार सुरू असतील, तर कोणताही काढा, अर्क किंवा कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. आधीपासून चालू असलेली वनस्पतीही न सांगता एकदम बंद करू नका, कारण तिच्यासकट मात्रा बसलेली असते. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, चूर्णे आणि कॅप्सूलचे डबे पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा. वैद्यांकडे जाल तेव्हा ॲलोपॅथीच्या गोळ्यांची चिठ्ठीही तशीच न्या.

डॉक्टरांनाही एक विनंती. "दुसरी काही औषधे चालू आहेत का?" एवढेच विचारून थांबू नका. काढा घेता का, चूर्ण घेता का, टीव्हीवर पाहून काही मागवले आहे का, असे एकेक नाव घेऊन विचारा. आणि पेशंट "हो" म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.